हॅलोकाकूंचं खाकरणं

हॅलोकाकू कुठेही शिरण्याआधी खाकरायच्या. शेजारच्या अंगणात, वाण्याच्या दुकानात, देवळाच्या गाभाऱ्याशी. एवढंच काय, सुट्टीत आलेला मुलगा आणि सून बोलत बसलेले असले तर स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरतानाही. घशात काही अडकलेलं नसे. एक छोटं, कोरडं, सरकारी खाकरणं, आणि मागोमाग मान किंचित कलती करून, "मी लाइनीवर आहे हं." समोरच्यांना विषय बदलायला पुरेल एवढा वेळ देऊन मगच त्या पाऊल आत टाकायच्या.

तुमच्याही ओळखीत याच्या नेमकी उलट माणसं असतील. मांजरीच्या पावलांनी येतात, आपलं अर्धं बोलणं ऐकून घेतात आणि मग "काय चाललं आहे?" म्हणून विचारतात. आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत अशांचा तुटवडा नाही. आमच्या घरातच एक आहेत, त्यांच्याविषयी पुढे सांगते.

काकू टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. परगावी बोलायचं तर एक्स्चेंजला नंबर सांगून ठेवायचा आणि वाट पाहत बसायचं. तिकडे एक बाई कानाला हेडफोन लावून तारा या भोकातून त्या भोकात खुपसत असे. ती लाइन जोडून देई, आवाज नीट पोचतो का ते मध्ये शिरून ऐके, आणि तीन मिनिटं झाली की तसं सांगे. म्हणजे संत्र्यांचे भाव, ठरलेली लग्नं, मोडलेली लग्नं, कलकत्त्याला पळून गेलेले मुलगे, असं अर्धं नागपूर काकूंच्या कानावरून गेलेलं होतं.

त्यांच्या एक्स्चेंजमध्ये एक रीत होती. आवाज तपासायला मध्ये शिरायचं तर आधी खाकरायचं. नियमाच्या पुस्तकात हे नव्हतं, त्यांना काम शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मॅडमनं घालून दिलेलं होतं. बोलणाऱ्यांना कळावं की तिसरं माणूस आलं आहे. "चोर गुपचूप येते, पाहुणा खाकरून येते," काकू सांगायच्या. "दुसऱ्याच्या बोलण्यात आपण तं पाहुणेच ना वं."

मी नरखेडकडची. संत्र्याच्या बागेतल्या मोकळ्या घरातून लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हा घरात फोन एकच, तोही सासूबाईंच्या खुर्चीच्या हाताशी. माझा सगळा भरवसा कूलरवर असायचा. नागपूरचा कूलर सुरू असला की शेजारच्या खोलीत बँड वाजला तरी कळत नाही. त्या घरघरीचा आडोसा घेऊन मी आईला फोन लावायची. सासूबाई लगेच उठायच्या, "बिल किती येते आजकाल" असं पुटपुटत कूलर बंद करायच्या आणि पंचेचाळीस डिग्रीत पदरानं वारा घेत बसून राहायच्या. आपल्याविषयी काय बोललं जातं ते कळावं म्हणून माणूस किती उकाडा सोसतं, हे मी तेव्हा पाहिलं.

काकूंनीही ते कुंपणापलीकडून पाहिलं असावं. एका दुपारी फाटकाशी येऊन खाकरल्या. "वं पोरी, माह्या व्हरांड्यात फोन आहे. तठी बसून बोलत जाय. मी आतमंधी राहीन."

मी जाऊ लागले. वेताची खुर्ची, स्टुलावर फोन, बाजूला पाण्याचा तांब्या. मी नंबर फिरवला की काकू दारात येऊन खाकरायच्या, म्हणजे मी इथे आहे बरं का. मग त्यांच्या रबरी सपाता फटक फटक करत आत जायच्या, मधलं दार लागायचं, आणि थोड्या वेळानं पार मागच्या अंगणात बादली आपटल्याचा आवाज यायचा. त्या बादलीत धुणं वगैरे काही नसे. आता मी एवढ्या लांब आहे, आता बोल, असा त्याचा अर्थ. मी बोलायची, आणि बऱ्याचदा रडायचीही. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या डोळ्यांकडे कधी निरखून पाहिलं नाही. फक्त तांब्या पुढे करायच्या.

हळूहळू कळलं की मी एकटी नाही. गल्लीतल्या बहुतेक सुना तिथे येऊन गेलेल्या. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला, तरी व्हरांडा सुटला नाही. फोन आपापला, जागा काकूंची. कोणी बहिणीशी भांडायला यायचं, कोणी दुसऱ्या नोकरीची चौकशी करायला. एकदा तर माझा नवराच तिथे बसून त्याच्या आईची तक्रार त्याच्या मामाकडे करताना मला सापडला. काकूंनी दारातून मला पाहिलं, जोरात खाकरल्या आणि म्हणाल्या, "लाइन बिझी आहे. थोड्या वेळानं येजो." त्या नवऱ्याचंही गुपित राखत होत्या, याचा मला थोडा रागच आला.

मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, जन्मभर एवढं ऐकलं, कोणाला सांगावंसं नाही का वाटलं?"

काकू मेथी निवडत होत्या. "माह्या कानात आलं म्हणून थे माह्यं झालं का? पोस्टमनच्या झोल्यात लोकायच्या मनिऑर्डरी राह्यतात. थो का त्याच्यातून बायकोले साड्या घेते?"

अशा बाईचं आजच्या जगाशी कसं जमणार, ते तुम्हीच सांगा. मुलानं हैदराबादहून स्मार्टफोन पाठवला. अंधारात लागेल म्हणून मी त्यात टॉर्चचं अॅप टाकून दिलं, तर अॅपनं परवानगी मागितली, तुमचे सगळे कॉन्टॅक्ट पाहू का? आपण असल्या वेळी काय करतो? न वाचता 'अलाउ' दाबतो. काकूंनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. "काहून गा?" त्यांनी फोनलाच विचारलं. "दिवा लावाले तुले माह्या नणंदेचा नंबर कायले पाह्यजे? दिवा लावायचा आहे का सोयरीक जुळवायची आहे?" आणि त्यांनी देवघरातली काडेपेटी उशाशी आणून ठेवली.

धरमपेठेत परकर घ्यायला आम्ही दोघी गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं मोबाइल नंबर विचारला. काकू म्हणाल्या, "परकराले फोन करणार आहे का?" मुलगी म्हणाली, सिस्टीम पुढे जात नाही. सिस्टीमचं ऐकून काकू विरघळल्या, कारण त्याही एकेकाळी सिस्टीमच होत्या. त्यांनी त्यांच्या जुन्या एक्स्चेंजचा चार आकडी नंबर सांगितला आणि वर म्हणाल्या, "ट्रंक बुक करून ठेव. लागला तं लागला."

त्यांची आणखी एक सवय सांगायची राहिली. पाहुणा रेंगाळला की काकू घड्याळाकडे न बघता म्हणायच्या, "तीन मिनिट झाले. वाढवून पाह्यजे?" हो म्हटलं की आणखी चहा यायचा. नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. काका हयात असताना त्या दोघांची भांडणंही याच वाक्यावर संपायची, असं म्हणतात.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग गल्लीतले टिल्लू चोरीला जायला लागले.

टिल्लू म्हणजे नळाला लावायचा छोटा पंप. नळाला पाणी करंगळीएवढं येतं, टिल्लू लावला की तेच मनगटाएवढं होतं, आणि शेजाऱ्याच्या नळाला मग थेंबही उरत नाही. म्हणून टिल्लू लावायला मनाई आहे, आणि म्हणूनच तो प्रत्येक घरी आहे. एकामागून एक पंप जायला लागले, आणि तक्रार करायची सोय नाही. ठाण्यात जाऊन काय सांगणार, साहेब, आमची बेकायदेशीर वस्तू चोरीला गेली?

आमच्या गल्लीचे सेक्रेटरी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना उघड्या नळापासून उघड्या फाटकापर्यंत सगळ्या जगाची काळजी. त्यांनी ठरवलं, कॅमेरा बसवायचा. सगळी गल्ली दिसेल असा एकच खांब होता, काकूंच्या फाटकातला, आणि वीजही त्यांच्याच मीटरवरून घ्यावी लागणार होती. सेक्रेटरी हात जोडून गेले. काकूंनी विचारलं, "कायसाठी?" ते म्हणाले, चोरासाठी. काकू म्हणाल्या, "मंग लावा."

कॅमेरा लागला. गोल, पांढरा, मान फिरवणारा. सेक्रेटरींनी मोबाइलवर सगळ्यांना चित्र दाखवलं आणि कौतुकानं म्हणाले, "आवाजही ऐकू येते."

त्या चित्राच्या बरोबर मध्यभागी काकूंचा व्हरांडा होता.

पहिल्या आठवड्यात कोणाला काही वाटलं नाही. मग एके संध्याकाळी सेक्रेटरी कोपऱ्यावरच्या घरातल्या सासूला सहज म्हणाले, "तुमची सून आज लय वेळ बोलत होती माहेरी." वाईट हेतू नव्हता त्यांचा. पाऊस येईल वाटते, असं म्हणावं तसं म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ती सून व्हरांड्यात आली नाही. मग बाकीच्या येईनाशा झाल्या. मीसुद्धा आईला शाळेतून परतताना तलावाच्या काठी स्कूटी थांबवून फोन करायला लागले. मी गणित शिकवते. तिथे माझे विद्यार्थी मला बघायचे आणि बाईंना कोणीतरी आहे अशी कुजबुज करायचे, ते वेगळंच.

काकूंच्या घरात दुसरं होतं कोण? मुलगा हैदराबादला, काका भिंतीवरच्या फोटोत. दिवसभरात माणूस यायचं ते व्हरांड्यासाठी. आता त्या तांब्या भरून ठेवायच्या, दारात येऊन बसायच्या, आणि तांब्या संध्याकाळी तुळशीत ओतायच्या. एकदा मी फाटकावरून जाताना पाहिलं, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून खाकरल्या, थोडं थांबल्या आणि आत गेल्या. मला ते पाहवेना. मी मागोमाग गेले आणि खांबाकडे बोट दाखवून सगळं सांगून टाकलं.

काकूंनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हा तं खाकरतच नाही वं," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच मीटरवर आहे काकू. बटण बंद करा, विषय संपला."

"मी लावू देल्ला ना. जोडून देल्लेली लाइन मधातून तोडाची नाही. आमचं पह्यलं शिक्षण थे." मग खुर्चीची धूळ पदरानं पुसत म्हणाल्या, "मीटिंग कधी आहे?"

मीटिंग रविवारी, सेक्रेटरींच्या अंगणात, तर्री-पोह्यांसह. त्या दिवशी त्यांनी बीटवरच्या हवालदारालाही बोलावलं होतं. गल्लोगल्लीचे कॅमेरे ठाण्याला जोडून द्यावेत असं ठाण्याचं म्हणणं होतं, आणि आपली गल्ली पहिली असावी ही सेक्रेटरींची हौस. काकू फाटकाशी येऊन खाकरल्या आणि पुढच्या खुर्चीवर बसल्या.

"भाऊ," त्यांनी हवालदाराला विचारलं, "आदेश कोणाच्या सहीचा आहे?"

"आदेश नाही काकू, आवाहन आहे."

"आमच्या वेळेस कोणाची लाइन ऐकायची तं वरच्या साहेबाची लेखी सही लागे. सही नाही तं मोठ्यातल्या मोठ्या माणसाले आमच्या मॅडम बाहेर बसवत." काकूंनी पोह्यांची प्लेट त्याच्यापुढे सरकवली. "तुमचं आवाहन आहे, तं माह्यंही आवाहन आहे. पोहे खा."

सेक्रेटरी जरा घाईनं उभे राहिले. "हे पाहा, ज्याले काही लपवायचं नाही, त्याले कॅमेऱ्याची भीती काहून असावी?"

हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. मोठमोठे लोक मोठमोठ्या ठिकाणी बोलतात आणि समोरच्यांना त्यावर उत्तर सुचत नाही. काकू खाकरल्या.

"सेक्रेटरीभाऊ, तुमचा नवा टिल्लू कोठी लावला आहे?"

सेक्रेटरींच्या बायकोनं नकळत मागच्या निळ्या पिंपाकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं. हवालदारानं मात्र प्लेटीतून मान वर केली नाही. त्याच्याही घरी नळ असणार.

"मी नाही सांगत," काकू म्हणाल्या. "मी कधीच नाही सांगत कोणाचं. पण लपवाले काही नाही असं घर मले नागपुरात एक दाखवा. चोरी वेगळी, अन् घरातलं वेगळं. पोट्टीनं मायजवळ रडाचं, त्याच्यात काय चोरी आहे?"

ठाण्याला जोडायचं बघू पुढे, असं सेक्रेटरी स्वतःच म्हणाले. मग जरा नरमाईनं, "मंग काय करायचं काकू? काढू का कॅमेरा?"

"काहून काढता? राहू द्या. पाहा, ऐका. पण खाकरून. जो कोणी पाह्यते त्यानं आधी खाकरावं, का बावा, मी लाइनीवर आहे."

लोक हसले. कॅमेरा कसा खाकरणार? काकू म्हणाल्या, "मले काय माहीत. लोक चंद्रावर यंत्र पाठवून राह्यले."

मागे कॅमेरेवाला उभा होता, उमरेडचा, चाळिशीतला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग, आता तो तारा ओढतो. तो हळूच म्हणाला, "होते जी. यात स्पीकर आहे. कोणी मोबाइलवर उघडलं का आवाज देईन, असं बसवून देतो. पण आवाज भरून पाह्यजे."

आवाज कोणाचा, हे विचारायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात रेकॉर्डिंग झालं. कॅमेरेवाल्यानं मोबाइल पुढे धरला, "खाकरा काकू." काकूंनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पाणी प्याल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. आलं ते खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीसारखं आलं. "असं नाही येत गा," त्या वैतागून म्हणाल्या. "कोणीतरी बोलत पाह्यजे, तवा खाकरता येते."

म्हणून मला आणि माझ्या नवऱ्याला उभं केलं. बोला, म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झालेलं जोडपं उभ्या उभ्या काय बोलणार? गव्हाचं दळण आणायचं आहे, असं मी म्हटलं. दोन किलो ज्वारीही टाक, असं तो म्हणाला. काकू कंबरेवर हात ठेवून ऐकत होत्या. "याच्यात काय खाकरू? काही खासगी बोला ना वं."

नवऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं. कान लाल झाले त्याचे. मग माझ्याकडे न बघता अगदी हळू म्हणाला, "परवा ती निळी साडी नेसली होतीस ना तू..."

आणि काकू खाकरल्या. अस्सल, कोरडं, सरकारी. कॅमेरेवाला म्हणाला, भेटलं. ते वाक्य नवऱ्यानं आजतागायत पुरं केलेलं नाही, पण ती साडी मी अजून जपून नेसते.

पुढचे काही दिवस गल्लीत जे चाललं ते सांगायला मला आजही आवडतं. कॅमेरा सकाळी दूधवाला यायच्या आधी खाकरायचा, मुलं शाळेत निघताना खाकरायचा, दुपारी तर दम लागल्यासारखा खाकरत सुटायचा. सेक्रेटरी बुधवारच्या बाजारात भाजी घेताना दिसत होते, मोबाइल घरी, आणि इकडे खांब खाकरतोय. म्हणजे त्यांच्या घरातली मंडळी. पण मग सेक्रेटरी सहकुटुंब लग्नाला वर्ध्याला गेले, तिथे कोणाचाच मोबाइल लागत नव्हता, तरी खांब थांबेना. तेव्हा उलगडा झाला की पासवर्ड कढीपत्त्यासारखा घरोघर वाटला गेला होता. आम्ही ज्यांना भ्यायचो ते एकटे सेक्रेटरी नव्हतेच, अर्धी गल्ली उरलेल्या अर्ध्या गल्लीला बघत बसली होती.

एका दुपारी मी ओसरीत कपडे वाळत घालत होते. खांब खाकरला. मी सहज घरात डोकावले, देवघराचं दार लोटलेलं. उघडलं, तर सासूबाई पाटावर, हातात मोबाइल, त्यात हॅलोकाकूंचा व्हरांडा.

"भजन ऐकून राह्यली होती," सासूबाई म्हणाल्या.

मी दार पुन्हा लोटून घेतलं. कूलरच्या दिवसांपासून त्यांची ही साधना चालू आहे, त्यात खंड कशाला? पण त्या संध्याकाळी त्यांनीच मला मोबाइल दिला आणि ते अॅप काढून टाक म्हणाल्या. बघताना कोणी बघत नव्हतं तोवर ठीक होतं, आता लाज वाटते, असं काहीसं पुटपुटल्या.

गल्लीत सगळ्यांचंच तसं झालं. खाकरणं विरळ होत गेलं, दिवसाकाठी एखादं, मग तेही नाही. कोपऱ्यावरची सून एका दुपारी व्हरांड्यात येऊन बसली आणि तासभर बोलली. आत बादली आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला. त्या दिवशी काकूंनी ती जरा जास्तच जोरात आपटली असं मला वाटतं. चोराचं म्हणाल तर तो पुन्हा आला नाही. खाकरणारी गल्ली रात्रंदिवस जागी आहे असं त्याला वाटलं असावं.

पुढे काकू न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला. मुलगा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. निघायच्या दिवशी सेक्रेटरी काकूंचा स्मार्टफोन मागून घेऊन त्यात कॅमेऱ्याचं अॅप टाकायला लागले. "तुम्ही पाहत जा काकू. आपली गल्ली दिसत राहीन."

"मले काहून? सगळ्यायले विचारलं का?"

नव्हतं विचारलं. मग ते खरोखर घरोघर गेले, दारात उभे राहिले, खाकरले आणि विचारलं, काकूंनी बघितलेलं चालेल का? इतक्या वर्षांत सेक्रेटरींनी आम्हाला काही विचारल्याचं मला आठवतं ते हेच. सगळ्यांनी हो म्हटलं. माझ्या सासूबाईंनी दोनदा म्हटलं.

तेव्हापासून रोज चहाच्या वेळेला खांब खाकरू लागला. काकू लाइनीवर आल्या की ज्याला जे दाखवायचं ते तो दाखवायचा. कोणी नवं बाळ, कोणी लोणच्याची बरणी. आईनं बागेतून संत्री पाठवली तेव्हा मी अख्खी टोपली डोक्यावर धरून उभी राहिले. काकू सहसा बोलायच्या नाहीत. एकदाच, मी आणि कोपऱ्यावरची सून फाटकाशी गप्पांत रंगलो होतो, तेव्हा खांबातून स्पष्ट आवाज आला, "तीन मिनिट झाले वं. दूध उतू जाईन." आमचं दूध खरंच उतू गेलेलं होतं. शेजारून जाणारा भाजीवाला मात्र गाडा तिथेच टाकून चौकापर्यंत पळाला.

मग एक दिवस चहाची वेळ झाली आणि गेली. झोप लागली असेल, म्हणालो. दुसऱ्या दिवशीही खांब गप्प. संध्याकाळी मुलाचा फोन आला, काकू आदल्या दिवशी सकाळी गेल्या. मी फोन ठेवला आणि काय करावं ते सुचेना, म्हणून चहा टाकला आणि कपभर जास्तच टाकला. आमच्या गल्लीतून एक माणूस गेलं, आणि ते सगळ्यात मोठं होतं, एवढं मला कळत होतं.

तेराव्यानंतरची गोष्ट. चहाची वेळ, आम्ही चौघीजणी फाटकाशी, आणि खांब खाकरला. आम्ही चौघींनी एकदम वर पाहिलं. कोणी काही बोलायच्या आत सेक्रेटरी त्यांच्या दारातून बाहेर आले, हातात मोबाइल, चष्मा कपाळावर. "मी उघडलं," ते म्हणाले. "चोर-बिर काही नाही. असंच, आवाज ऐकाले." माझ्या सासूबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे धरला.

घराला आता कुलूप आहे. मुलानं मीटर चालू ठेवलं आहे आणि व्हरांड्याची किल्ली माझ्याकडे दिली आहे. मी तांब्या भरून ठेवते. सुना येतात, बोलतात, जातात. मीही येते. आई आता थकली आहे, तिला नीट ऐकू येत नाही, मला मोठ्यानं बोलावं लागतं. मध्येच कोणाला तरी काकूंची आठवण येते, तो मोबाइलवर कॅमेरा उघडतो, आणि डोक्यावर ते खाकरणं येतं. मी सवयीनं बोलायची थांबते. सपाता आत जायची वाट बघते, मधलं दार लागायची, मागच्या अंगणातल्या बादलीची. आई तिकडून विचारत राहते, "हॅलो, पोरी, आहेस का?" आणि मी अजून वाट बघत असते, कारण ते आवाज भरून घ्यायचं तेव्हा आम्हाला कोणाला सुचलं नाही.